नुसतं बघणार आहेत

गेल्या महिन्यात आमच्या साडेचार वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरांकडे नेले. घटना म्हणून सांगण्यासारखे यात फारसे काही नाही. पुण्यासारख्या शहरात रोज शेकडो आईबाप आपापल्या मुलांना असे नेत असतील. पण त्या भेटीआधीच्या आठ-दहा दिवसांत मी तिच्याशी जे बोललो, बोलताना जिथे अडखळलो आणि बोललेले जे मागे घ्यावे लागले, त्याने मी बराच अस्वस्थ झालो. वर्गात अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवण्यात माझी वीसेक वर्षे गेली. घरातल्या एका दाढेविषयी सरळ वाक्य बोलण्याची वेळ आली, तेव्हा या विद्येचा काडीचा उपयोग झाला नाही.

आधी कबुली. आम्ही उशीर केला. मुलाचा पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, निदान पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दात दाखवून आणावेत, असे बालदंततज्ज्ञ सांगतात. हे मला माहीत नव्हते, आणि असते तरी मी हसण्यावारी नेले असते. दुधाचेच तर दात, आज ना उद्या पडायचेच, त्यांना कसला डॉक्टर, ही आपल्याकडची सर्वसाधारण समजूत. ती माझीही होती. हे वीस दात एकदम पडत नाहीत, मागच्या दुधाच्या दाढा तर दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात, हे पुढे डॉक्टरांनी सांगितले. शिवाय रात्री झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली आम्ही तिला तीन वर्षांची होईपर्यंत दिली. त्याशिवाय ती झोपत नसे, आणि ती झोपल्याशिवाय मला पेपर तपासता येत नसत. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे तोंडात राहिलेले गोड दूध धुतले जात नाही. एकूण, त्या दाढेतल्या काळ्या ठिपक्यात माझ्या उत्तरपत्रिकांचाही वाटा आहे. 

तो ठिपका मला एका रविवारी, ती तोंड उघडून खदखदा हसत असताना दिसला. मी म्हणालो, "अगं, तुझी दाढ किडलीय. डॉक्टरांकडे जायला हवं." वाक्य इतके साधे की ते बोललो हेसुद्धा मी विसरून गेलो.

त्या रात्री तिने दात घासू दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी. तिच्या आईने बराच वेळ गोंजारल्यावर ती ओठांच्या फटीतून पुटपुटली, की तोंड उघडलं तर तो बाहेर येईल. कोण? तर कीड. चार दिवसांपूर्वी आजीने भाजीसाठी वांगे चिरले होते, आत अळी निघाली होती, आणि "किडकं आहे गं बाई" म्हणत आजीने ते अर्धे वांगे हिच्यासमोर टोपलीत टाकले होते. वांग्यात जे असते तेच दाढेत असणार. ते रात्री हलत असणार. घशातून पोटात जाणार, नाहीतर ओठांतून बाहेर येणार. माझ्या एका क्रियापदाने पोरीच्या तोंडात जिवंत अळी सोडली होती.

मी घाईने सांगू लागलो, की अगं, तशी कीड नसतेच. त्यावर तिचा प्रश्न : "मग किडलीय का म्हणालास?"

याला उत्तर नव्हते. मृत रूपकांवर मी वर्गात तासभर बोलू शकतो. वापरून वापरून ज्यांच्यातले चित्र पुसून गेले आहे असे शब्द, सूर्य 'उगवतो', वेळ 'जातो' वगैरे उदाहरणे फळ्यावर लिहितो आणि मुले ती उतरवून घेतात. मात्र रूपक मरते ते मोठ्यांपुरतेच, हे मी कधी कोणाला सांगितले नव्हते. साडेचार वर्षांच्या माणसाला प्रत्येक शब्द नुकताच मिळालेला असतो. त्याच्या लेखी सगळी अभिधाच.

आणि 'किडणे' हे क्रियापद तर एके काळी रूपक नव्हतेच. सुश्रुताने दंतरोगांमध्ये 'कृमिदंतक' सांगितला आहे. दातदुखीचे मूळ एका किड्यात आहे असे मानणारा बाबिलोनियातला एक मंत्रही उपलब्ध आहे. माझ्या आजोळी दाढ दुखणाऱ्याला रिंगणीच्या बियांची धुरी देत आणि मग वाटीतल्या पाण्यात पांढुरके काहीतरी पडलेले दाखवून 'निघाली कीड' म्हणत. ते बियांतलेच काहीतरी असणार, पण दुखणाऱ्या माणसाला तेव्हा पुराव्याची चिकित्सा करायची नसते. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात या किड्याची कल्पना नाकारली. तोंडातले जंतू साखर-पिठापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते, हे विलोबी मिलर याने बर्लिनमध्ये केलेल्या कामातून १८९०च्या सुमारास मांडले. म्हणजे शास्त्रातून तो किडा जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली, आमच्या भाषेत मात्र तो तसाच राहिला. मी तो विचार न करता उचलला आणि मुलीच्या तोंडात ठेवला.

शेवटी 'खड्डा' हा शब्द कामी आला. दाढेला छोटासा खड्डा पडलाय, डॉक्टर तो बुजवणार. पुण्याच्या मुलांना खड्डा समजावून सांगावा लागत नाही. तिचा चेहरा लगेच निवळला आणि व्यवहारी प्रश्न सुरू झाले. डांबर लावणार का? रोलर फिरवणार का? आणि मग, "पावसाळ्यात परत पडेल का?" तिच्या नागरिकशास्त्राची प्रगती पाहून मला समाधान वाटले. त्या रात्री तिने दात घासू दिले.

खरी अडचण पुढेच होती. दोन दिवसांनी तिने विचारले, "डॉक्टर काय करणार?" आणि माझ्या तोंडून आपोआप निघाले : "काही नाही गं, नुसतं बघणार आहेत."

हे वाक्य माझे नव्हते. ते माझ्या वडिलांचे, अण्णांचे. १९८७ साली मी सात वर्षांचा असताना तालुक्याच्या गावी एका दवाखान्याच्या पायऱ्या चढताना अण्णांनी ते उच्चारले होते, याच चालीवर, यातल्या 'काही नाही'सकट. तिथे नुसते बघितले नाही. लाकडी हातांच्या खुर्चीत बसवल्यावर अण्णांनी मागून माझे दोन्ही हात धरले, कुणीतरी हनुवटी धरली, आणि त्यानंतरचे मला तुकड्यातुकड्यांत आठवते : चकचकीत पक्कड, औषधाचा वास, कापसाचा बोळा, भिंतीवरच्या कॅलेंडरातली गाय. तो दात काढावा लागणारच असेल. डॉक्टरांविषयी माझी तक्रार नाही. बाहेर आल्यावर अण्णांनी मला न मागता बर्फाचा गोळा घेऊन दिला, आणि मी तो खाल्लाही. गोळा लाल होता की तोंडातले रक्त, हे कळत नव्हते.

अण्णा वाईट बाप नव्हते. त्यांच्या पिढीत मुलाला आधी सांगणे ही पद्धतच नव्हती. भित्रेपणा घालवण्याचे मार्ग ठरलेले होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला त्याची आई मारून पोहायला धाडते, आणि तो प्रसंग आम्हांला घरोघरी धैर्याचा पाठ म्हणून ऐकवला जाई. पण एक गोष्ट मला आता प्रकर्षाने जाणवते. श्यामच्या आईने त्याला मारले, फसवले नाही. कुठे जायचे आहे हे त्याला ठाऊक होते. अण्णांनी मला कधीच मारले नाही. अण्णांना मी 'तुम्ही' म्हणत असे आणि प्रश्न विचारण्याची आमच्यात रीत नव्हती. 'नुसतं बघणार म्हणाला होतात ना?' हे मी त्यांना त्या दिवशी विचारले नाही आणि पुढेही कधी विचारले नाही.

मात्र २०१४ साली ते वाक्य मी त्यांना परत केले. त्यांना शहरातल्या एका रुग्णालयात आणले होते. रिपोर्ट माझ्या हातात होते आणि त्यांत काय आहे ते मला समजले होते. स्ट्रेचरवरून त्यांनी विचारले, "कशाला आणलंय इथं?" मी म्हणालो, "काही नाही अण्णा, नुसतं बघणार आहेत." ते माझ्याकडे पाहत राहिले. बराच वेळ. त्यांना तो दवाखाना आठवला असेल का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. मग ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केले. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत आम्ही दोघे आजाराविषयी एक अक्षरही खरे बोललो नाही. त्यांना काही सांगायचे असेल, विचारायचे असेल, कुणाला भेटायचे असेल, तर त्या वाक्याने ती वाट बंद करून टाकली होती.

असो. तेच वाक्य आता तिसऱ्या पिढीपाशी येऊन थांबले होते. मुलगी मात्र मला 'तू' म्हणते. तिने लगेच विचारले, "बघून झाल्यावर?"

मी डॉक्टरांना फोन केला. बालदंततज्ज्ञ असलेल्या या बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील. त्यांनी जे सांगितले ते भाषेच्या प्राध्यापकाने ऐकण्यासारखे होते. मुलासमोर सुई, टोचणे, ओढणे, रक्त हे शब्द आपण होऊन काढू नका. 'घाबरू नकोस' तर मुळीच म्हणू नका, कारण घाबरण्यासारखे काही आहे ही बातमी मुलाला त्याच वाक्यातून मिळते. दुखणार नाही असे वचन देऊ नका. ते पाळणे तुमच्या हातात नाही. बक्षिसाचे आमिष नको. शहाण्यासारखी वागली नाहीस तर डॉक्टर सुई देतील, असली धमकी घरात कुणी देत असेल तर आजपासून बंद करा. (आजी देत असे.) वेळ सकाळची घ्या, मूल झोपून उठलेले आणि पोटात काहीतरी असलेले हवे. आणि शेवटी त्यांनी विचारले, "सर, तुम्ही स्वतः दात कधी दाखवलेत?"

मी विषय बदलला.

त्या ज्या शब्दांना पर्यायी शब्द वापरतात, त्याबद्दल मात्र माझ्या मनात शंका होती, ती मी बोलून दाखवली. भूल देण्याच्या इंजेक्शनला त्या 'दाताला झोपवायचं औषध' म्हणतात, वेगाने फिरणाऱ्या यंत्राला 'पाण्याचा फवारा', लाळ ओढणाऱ्या नळीला 'स्ट्रॉ'. हेही साखरेत घोळवलेले खोटेच नव्हे काय? त्या म्हणाल्या, मी काय करणार ते मुलाला सांगते, मग दाखवते, मग करते. त्याला काय जाणवेल ते सांगते, यंत्राचे नाव सांगून त्याला काय मिळणार? मला हे त्या क्षणी पूर्ण पटले नाही. आजही पूर्ण पटलेले नाही. पण फरक लक्षात आला. फवारा खरोखर पाणी उडवतो, दाढ खरोखर बधिर होऊन झोपते. ती लक्षणा आहे, मुख्यार्थाशी तिचा संबंध सुटलेला नाही. 'नुसतं बघणार' यात असा कुठलाच धागा नव्हता.

मग घरी खेळ सुरू झाला. चादर, बॅटरी, एक स्टीलचा चमचा आणि पाव्हण्यांसाठी ठेवलेला पांढरा नॅपकिन. पहिले दोन दिवस बाहुलीचे दात तपासून झाले, पण बाहुलीचे तोंड उघडत नाही ही मोठीच गैरसोय होती, म्हणून तिसऱ्या दिवशी मला बोलावणे आले. मी तिच्या मांडीवर डोके ठेवून आडवा झालो. ती चमच्याने माझे दात मोजू लागली. तिला वीसपर्यंतच आकडे येतात. वीस झाले की पुन्हा एकपासून. दुसऱ्या फेरीत चमचा थांबला.

"बाबा, इथे नाहीये."

खालची उजवी दाढ. "का नाहीये?"

सांगण्यासारखी बरीच उत्तरे होती. मी खरे तेच सांगितले : दुखत होती, डॉक्टरांकडे जायची मला भीती वाटत होती, म्हणून गेलो नाही, मग खड्डा खूप मोठा झाला आणि ती काढावी लागली. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी चार महिने लवंग आणि वेदनाशामक गोळ्यांवर काढून मी ती दाढ घालवली होती. दातखीळ बसणे म्हणजे काय, हे मला कोशात पाहावे लागत नाही. ग्युंटर ग्रासच्या १९६९च्या एका कादंबरीत चाळिशीतला एक शिक्षक दंतवैद्याच्या खुर्चीत बसून साऱ्या जर्मनीचा आणि स्वतःचा हिशेब मांडत राहतो. माझी तेवढी ऐपत नाही. मला चाळिशी उलटल्यावर एका चमच्यापुढे एका दाढेचा हिशेब द्यावा लागला.

"तुला अजून भीती वाटते?" तिने विचारले.

"वाटते."

तिने चमचा नॅपकिनने पुसला आणि मोजणी पुढे चालू केली. मला वाटले होते की बापाची भीती तिला लागेल. तसे झालेले दिसले नाही. उलट त्या दिवसापासून ती भेट आम्हा दोघांची झाली. 'आपण जाणार आहोत ना?' असे ती म्हणू लागली.

भेटीच्या सकाळी ती पोहे खाऊन तयार होती. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला नव्हे, मला आधी खुर्चीत बसवले. हे ठरलेले नव्हते. मी हातांच्या मुठी आवळल्या आहेत हे मुलीने पाहिले असणार. डॉक्टरांनी तिला माझ्या बाजूला स्टुलावर उभे केले, छोटा आरसा तिच्या हातात दिला, माझ्या तोंडात दिवा सोडला आणि दोघींनी मिळून मला तपासले. मधून मधून डॉक्टर "हं" म्हणत होत्या. तो हुंकार मला आवडला नाही.

मग ती माझ्या मांडीवर बसली. दात घासायचा फिरता ब्रश डॉक्टरांनी आधी तिच्या अंगठ्याच्या नखावर फिरवला. गुदगुल्या झाल्या. मग त्यांनी एक करार सांगितला : डावा हात वर केलास की मी थांबणार. ब्रश दाताला लागताच तिने हात वर केला. डॉक्टर थांबल्या. पुन्हा सुरुवात, पुन्हा हात वर. डॉक्टर पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा तिने हात वर केला तेव्हा तिला काहीही होत नव्हते, हे मला मांडीवरच्या तिच्या सैल शरीरावरून कळत होते. ती नुसती तपासून पाहत होती. डॉक्टर तिसऱ्यांदाही थांबल्या, कपाळाला एक आठी न पाडता. त्यानंतर तिने हात वर केला नाही.

त्या दिवशी तिचे दात मोजले, साफ केले आणि त्यांवर फ्लोराइडचा लेप लावला. बुजवायचे काम पुढच्या वेळी. दात घासायला वाटाण्याएवढीच पेस्ट, आणि सात-आठ वर्षांची होईपर्यंत रात्रीचे दात मोठ्या माणसाने घासून द्यायचे, अशी ताकीद मिळाली. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ येईल, ती कायमची. कुठलाही दात न पडता येते म्हणून लोक तिला दुधाची समजतात आणि घालवून बसतात, हेही त्यांनी सांगितले. माझी जी दाढ गेली ती तीच, असे त्यांनी माझ्या तोंडाकडे बोट दाखवून मुलीला दाखवले. वर दोन दातांचे काम निघाले आहे, ते सांगून मला मंगळवारची वेळ दिली. मुलीची शनिवारची.

रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. दांडेकर पूल मागे पडल्यावर तिने विचारले, "शनिवारी दुखेल?"

डॉक्टरांची यादी माझ्या डोळ्यांसमोर होती. पण शब्द मी काढला नव्हता, तिने काढला होता.

"थोडं टोचेल," मी म्हणालो. "मग दाढ झोपेल."

"किती वेळ टोचेल?"

"पाच मोजेपर्यंत."

"सावकाश पाच की पटापट पाच?"

मला ठाऊक नव्हते. चार महिने गोळ्या खाऊन शेवटी दाढ काढून घेतली, तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, मोजले नव्हते. मी तिला सांगितले, की मला मंगळवारी टोचणार आहेत, तेव्हा मोजतो आणि घरी आल्यावर सांगतो.

"नक्की मोज," ती म्हणाली, आणि रिक्षाच्या बाहेर रस्त्यावरचे खड्डे मोजू लागली. वीस झाले, की पुन्हा एकपासून.